पाण्याखालचे देठ

“कमळाचे देठ पाण्याखाली नाही ना कापलेत?” गॉर्डी क्रूगरने विचारलं ते अगदी सहज. हातातल्या लेमन बारचा, लिंबाच्या गोड वडीचा, कोपरा तोंडात टाकता टाकता, आर्डिसकडे न बघता. मे महिन्यातला शनिवार होता. चर्चच्या तळघरात तळेवाल्यांची, म्हणजे घरामागच्या तळ्यात कमळं लावणाऱ्या हौशी मंडळींची, रोपांची देवघेव चालली होती. लांब टेबलांवर ओल्या पिशव्या, बादल्या, चिखलाचे ओघळ, आणि त्या सगळ्यावर मोठ्या किटलीतल्या पांचट कॉफीचा वास. वेंडेल दर वर्षी इथे यायचा, आर्डिस कधीच नाही. या वर्षी ती त्याच्या वतीने आली होती, कारण नर्सिंग होममध्ये खुर्चीला खिळलेल्या नवऱ्याने तीन दिवस डाव्या हाताने कॅलेंडरावरचा तो शनिवार दाखवून दाखवून तिचं डोकं खाल्लं होतं. “छे, छे,” ती म्हणाली, “पाण्याखाली कशाला कापेन?” गॉर्डी म्हणाला, “तेच म्हटलं. नाही, पुष्कळजण कापतात. नीटनेटकं दिसावं म्हणून. देठ आतून पोकळ असतात ना, त्यातून कंद श्वास घेतो. हिरवा देठ पाण्याखाली कापला की पाणी आत शिरतं. बुडतो बिचारा.” मग त्याने बोटांवरची पिठीसाखर पँटला पुसली आणि म्हणाला, “बाकी वेंडेल कसा आहे?” “बरा आहे,” आर्डिस म्हणाली. “चाललंय आपलं.” “याहून वाईटही असू शकलं असतं,” गॉर्डी म्हणाला. “हो ना,” ती म्हणाली. एवढं बोलून झाल्यावर दोघांनी कॉफी घेतली.

गाडी घराशी आणून लावली तरी ती आत गेली नाही. गॅरेजला वळसा घालून मागच्या अंगणात गेली आणि पर्स काखेत तशीच धरून तळ्याच्या काठाशी उभी राहिली. सेंट पॉल शहरात मे महिना म्हणजे काही खरा उन्हाळा नव्हे, लायलॅकला नुसत्या कळ्या होत्या आणि वारा कोटाच्या बाह्यांतून आत शिरत होता. काठच्या उथळ पायरीवर तो मोठा काळा टब पाण्यात बसलेला, कडा पाण्याखाली वीतभर. आत चिखल. चिखलावर काही नाही. पानाची गुंडाळी नाही, टोक नाही, काही म्हणजे काही नाही. कालपर्यंत या ‘काही नाही’चा अर्थ थंडी असा होता. आता अर्थ बदलला. आणि गंमत बघा, तिला पहिल्यांदा आला तो राग. गॉर्डीचा नव्हे, वेंडेलचा. एवढी साधी गोष्ट सांगायला काय झालं होतं या माणसाला? चाळीस वर्षं कमळ, कमळ, कमळ. जेवताना कमळ, गाडीत कमळ, सासूच्या अंत्यविधीहून परतताना कमळ. मग हीच एक गोष्ट कशी राहिली सांगायची? सांगितली नव्हतीच त्याने. नव्हतीच सांगितली. असं तिने दोनदा मनाशी म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना काहीतरी टोचलं.

सप्टेंबरात कापलं होतं तिने. वेंडेलला अर्धांगाचा झटका आला त्याला जेमतेम महिना झाला होता. इस्पितळातून त्याला नर्सिंग होममध्ये हलवलं होतं, आणि चर्चच्या बायका शनिवारी कॉफीला येणार होत्या. म्हणजे सांत्वनाला, पण तसं कुणी म्हणत नाही, कॉफीला म्हणतात. घर तिने घासूनपुसून लख्ख केलं. मग खिडकीतून मागे बघितलं तर तळ्यातली ती पानं, परातीएवढाली, कडांनी पिवळी पडलेली, मधे भोकं, काही मोडून पाण्यात लोंबलेली. लाज वाटली तिला. नवरा आजारी पडला की घर असं होतं, असं म्हणतील. म्हणजे म्हणणार नाहीत, बघतील. बाह्या खांद्यापर्यंत वर सारून ती काठावर ओणवी झाली आणि शिवणाच्या मोठ्या कात्रीने देठ कापत गेली. वरून कापले तर खुंट दिसतात, म्हणून हात खोल घालून, चिखलाच्या जरा वर. पाण्याखाली कात्रीचा आवाज होत नाही. हातालाच कळतं, कच्च म्हणून. आणि प्रत्येक देठामागे बुडबुडे येत, एकामागून एक, बारीक मण्यांसारखे, वर येऊन फुटत. बराच वेळ येत. ती बघत राहिली होती, हे तिला नीट आठवतं. मासे असतील असं वाटलं होतं का? पण तळ्यात मासे नव्हतेच. वेंडेलने मासे कधी ठेवले नाहीत, कंद उकरतात म्हणून. मग बुडबुडे कसले वाटले होते तिला? तिसऱ्या का चौथ्या देठाला हात थबकला होता. नको, असं काहीतरी मनात आलं होतं. शब्द नव्हता, नुसतं थबकणं होतं. आणि मग तिने उरलेले सगळे कापले. भराभर. शेवटी तळं इतकं स्वच्छ दिसलं की तिला छातीत मोकळं मोकळं वाटलं, कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं तसं. बायका आल्या, खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, “किती छान ठेवलंयस गं सगळं.”

त्या तळ्याच्या जागी तिची कपडे वाळत घालायची दोरी होती. लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात वेंडेलने ती काढली आणि फावडं घेतलं. विनोना गावच्या एका म्हाताऱ्याने त्याला कंद दिला होता, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. फिकट पिवळं फूल यायचं त्याला, लोण्याच्या रंगाचं. इथल्या थंडीत ते जगत नाही असं सगळे म्हणायचे, म्हणून तर वेंडेल इरेला पेटला. दर ऑक्टोबरात टब दोरांनी तळ्याच्या खोल भागात उतरवायचा, बर्फाच्या खाली. दर वसंतात वर ओढायचा. मधल्या काळात बर्फ किती इंच धरलाय ते जेवताना सांगायचं. उन्हाळ्यात कुठे जायचं नाही, कारण फूल तीन-चार दिवस टिकतं आणि कुठले तीन-चार दिवस ते आधी कळत नाही. तिची बहीण दर वर्षी ऑरेगनला समुद्रावर बोलवायची. बोलवायची थांबली. आर्डिस भांडली नाही. त्यांच्याकडे कुणी भांडत नाही. ती ‘हं’ म्हणायची. तो कंदाच्या टोकाबद्दल बोलायचा, टोक मोडलं की संपलं म्हणायचा. ती बटाटे सोलता सोलता हं म्हणायची. खत केव्हा द्यायचं, हं. पानं उभी राहिली, हं. चाळीस वर्षांत त्या हंकाराची तिला इतकी सवय झाली की तो बोलतोय की नाही हेही बघावं लागत नव्हतं, हं आपोआप बाहेर पडायचं. स्वयंपाकघरात तो कोसळला तेव्हाही त्याने आधी काहीतरी पुटपुटलं होतं आणि ती हं म्हणाली होती. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला.

“वर आलं?” वेंडेल विचारायचा. आता त्याच्याकडे मोजकेच शब्द उरले होते, आणि तेही अर्ध्या तोंडातून ओले होऊन येत. त्यातले दोन त्याने यासाठी राखून ठेवले होते. रोज दुपारी ती गेली की आधी हेच. कशी आहेस नाही, काही नाही. “अजून थंडी आहे रे,” ती म्हणायची. मग जून लागला. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरायला लागले. “उशिराचा वसंत आहे,” ती म्हणायची. तो खिडकीकडे बघायचा, जिथे ऊन सरळ त्याच्या मांडीवर येऊन पडलेलं असायचं. त्याची देखभाल करणारी हिबो नावाची मुलगी होती, उंच, डोक्याला निळा रुमाल, बोलायला फटकळ. ती आर्डिसला दाराबाहेर गाठून म्हणाली, “बाई, हे व्यायाम करत नाहीत. उभं राहा म्हटलं की डोळे मिटून घेतात. असंच चाललं तर पाय जातील, मग मी काय, देव आला तरी उभं करणार नाही. घरी कशात जीव होता यांचा? काहीतरी असेल ना?” आर्डिस म्हणाली, “विचार करून सांगते.” आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली उतरली.

जूनमध्ये तळेवाले पहिलं पान बघायला येतात, ही जुनी पद्धत. चार-पाच माणसं, काठाभोवती घडीच्या खुर्च्या, कॉफी. कुणी बोलवत नाही, येतात. या वर्षीही आले. टबात काही नव्हतं, आणि सगळे ते बघत होते. “पाणी मात्र स्वच्छ आहे हं,” एकजण म्हणाला. “यंदा सगळ्यांचंच मागे पडलंय,” दुसरी म्हणाली, जिच्या स्वतःच्या तळ्यात पानं वीतवीतभर उभी होती, आर्डिसने येताजाताना बघितली होती. “उशिराचा वसंत,” गॉर्डी म्हणाला. तो टबाकडे बघत होता. आणि त्याच क्षणी आर्डिसला आठवलं की ऑक्टोबरात हा टब गॉर्डीनेच उतरवला होता. दोर लावून, तो आणि त्याचा मेव्हणा. एप्रिलमध्ये वर ओढला तोही त्यानेच. म्हणजे त्याने कापलेले देठ बघितले होते. दोनदा. तळघरात त्याने विचारलं तो प्रश्न नव्हताच मुळी. तिला बोलायला त्याने एक फट ठेवून दिली होती, आणि तिने छे छे म्हणून ती बंद केली होती, आणि तो म्हणाला होता, तेच म्हटलं.  आता एकाने तरी तोंडावर म्हणावं, अगं बाई, मारलंस तू ते, असं तिला फार वाटलं. कुणी म्हणणार नव्हतं. त्यांनी बार खाल्ले, निघतो निघतो म्हणत फाटकाशी अर्धा तास उभे राहिले, आणि तिच्या लिंबाच्या बारची पाककृती विचारून गेले.

ते गेल्यावर तिने बाही वर सारली आणि हात चिखलात घातला. कंद सापडला, पण हाताला काही लागलं असं झालंच नाही. बोटं सरळ आत गेली, पिकून सडलेल्या केळ्यात जावीत तशी. वास वर आला. तो वास लिंबाच्या साबणानेही गेला नाही. रात्रीचं जेवण तिने डाव्या हाताने केलं. दुसऱ्या दिवशी ती शहराबाहेर हायवेच्या कडेच्या एका नर्सरीत गेली, गॉर्डीच्या ओळखीच्या नसलेल्या, मुद्दाम शोधलेल्या, आणि फिकट पिवळ्या जातीचं कुंडीतलं कमळ घेतलं. चांगली उभी पानं होती त्याला. सडलेलं हाताला लागेल तेवढं उपसून कुंडी तशीच्या तशी वेंडेलच्या टबातल्या चिखलात दाबून बसवली, वरून चिखल सारला. मग अंग धुऊन, कपडे बदलून नर्सिंग होममध्ये गेली, आणि तिने पर्स ठेवायच्या आतच तो म्हणाला, “वर आलं?” “आलं,” ती म्हणाली. “अरे, आलं. चांगलं वर आलंय. पानं उभी आहेत.” वेंडेलचं तोंड वेडंवाकडं झालं, तिला वाटलं पुन्हा झटका येतोय; पण तो रडत होता. झटका आल्यापासून रडला नव्हता. “घरी,” तो म्हणाला. “बघू. उभा... राहून.” दुसऱ्या दिवसापासून त्याने हिबोला हैराण केलं. व्यायामाची वेळ झाली नसतानाच हात पुढे करायचा. “काय सांगितलंत हो यांना?” हिबो हसत म्हणाली. “कालपर्यंत नवरी रुसावी तसे बसायचे. आता मलाच ओरडतात उशीर झाला म्हणून.”

आर्डिसला आनंद झाला, का नाही होणार. तो दांडीला धरून उभा राहिला तेव्हा तिला हुंदका फुटला. पण घरी आली की तळ्याकडे बघवत नसे. ते नवं कमळ जोमाने वाढत होतं, मेल्याला कशाची पर्वा नव्हती. आणि तिला अलीकडे एक स्ट्रॉ आठवायला लागली होती. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, कागदी. जत्रा होती, ऑगस्टअखेरीची राज्याची जत्रा, दोघं गुरांच्या गोठ्यामागच्या बाकावर बसलेले, हातात थंडगार दुधाच्या माल्टचे ग्लास. वेंडेलने स्ट्रॉ बाहेर काढली, झटकली, मधोमध चिमटीत धरली. म्हणाला, हे बघ, हा देठ समज. आणि मग? मग तो काय म्हणाला? तिला त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. ती तेव्हा एका बाईच्या टोपीकडे बघत होती. कदाचित असं काही घडलंच नसेल. कदाचित गॉर्डीचं बोलणं ऐकल्यावर तिच्याच डोक्याने ही जत्रा, हा बाक, ही स्ट्रॉ रचली असेल, तिला छळायला. मन असं करतं. भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, चर्चमध्ये गुडघे दुखत असताना ती त्या बाकावर परत परत जाऊन बसे आणि टोपीवरून नजर काढून त्याच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न करी. त्याने सांगितलं असेल, आणि तिने ऐकलं असेल, तर मग सप्टेंबरात पाण्याखाली हात थबकला तो त्याच्याचमुळे. मग ते चुकून झालं नाही. मग ते छातीत मोकळं मोकळं वाटलं, ते काय होतं? इथवर आलं की ती नळ मोठा सोडायची.

ऑगस्टमध्ये फूल उमललं आणि हिबो वेंडेलला व्हॅनमधून घेऊन आली. खुर्ची अंगणात आली, आणि काठाशी पोचल्यावर तो हिबोचा हात धरून उभा राहिला, आपल्या पायांवर, डुलत, घामाघूम होत. “बघा,” हिबो म्हणाली, “नवरदेव.” फूल टबाच्या मधोमध होतं, लोण्याच्या रंगाचं, वाऱ्याने जरा मान हलवणारं. वेंडेल बघत राहिला.  रंग तोच होता, तिने नीट पारखून घेतला होता. “सुंदर,” तो म्हणाला. ती सुटल्यासारखी हसली आणि हिबोसाठी कॉफी आणायला वळली; तेवढ्यात त्याने बसायची खूण केली. खुर्चीत नव्हे, काठाच्या दगडावर. हिबोने त्याला अलगद बसवलं आणि फोन घ्यायला फाटकाकडे गेली, वाजत होता तिचा. वेंडेलने डावा हात पाण्यात घातला. चाळीस वर्षं घालत होता तसा, बाही न सारता. देठाच्या कडेने बोटं खाली गेली, चिखलात शिरली, आणि थांबली. आर्डिसला पाण्यातून दिसत होतं. त्याचा अंगठा कुंडीच्या प्लॅस्टिकच्या काठावरून फिरला, पूर्ण एक फेरी. मग हात बाजूला सरकला, टबाच्या कडेला, जिथून तिला सगळं काढता आलं नव्हतं. तिथे जुने खुंट होते, मऊ पडलेले, सगळे एका उंचीचे. एकेक करून त्याने ते चाचपले. फार वेळ लागला त्याला. 

“पाण्याखाली,” तो म्हणाला.

“हो,” आर्डिस म्हणाली.

त्याने मान हलवली. मग शब्द गोळा करायला लागला. ते करताना त्याच्या मानेच्या शिरा दिसायच्या. “मी,” तो म्हणाला. “मी... सांगायचं... राहिलं.” आणि तिच्याकडे न बघता, अगदी गॉर्डीसारखा, दुसरीकडे बघत राहिला. फट ठेवली होती त्यानेही. नुसतं हं म्हणायचं होतं. ते हं घशापर्यंत आलंसुद्धा. आणि त्याच वेळी तो बाक आला, ते माल्ट, ती टोपी, आणि या खेपेला तिची नजर टोपीवरून निघून त्याच्या तोंडावर गेली. शब्द लख्ख ऐकू आले, दाढी न केलेल्या त्या तरुण वेंडेलचे: पाण्याखाली कधी कापू नकोस हं आर्डिस, मी नसलो कधी तर. बुडेल ते. आणि तिने माल्टचा घोट घेऊन म्हटलं होतं, हं.

“सांगितलं होतंस,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, इतका मोठा निघाला. “जत्रेत. स्ट्रॉ हातात धरून. राहिलं-बिहिलं काही नव्हतं, वेंडेल. तू सांगितलं होतंस.”

त्याने बोटं तशीच खुंटांवर ठेवली. हात पाण्यातून काढला नाही. हिबो परत आली आणि टाळी वाजवून म्हणाली, “चला मिस्टर वेंडेल, उभं राहायचं? जाताना पण तसंच, रुबाबात?” “आज नको,” तो म्हणाला. तिने एकदा त्याच्याकडे, एकदा आर्डिसकडे बघितलं आणि काखेत हात घालून त्याला उचलून खुर्चीत ठेवलं. भिजलेल्या बाहीतून पाणी गळत होतं, फरशीवर थेंबांची एक रेघ व्हॅनपर्यंत गेली. आर्डिस टॉवेल घेऊन मागे धावली. व्हॅनमध्ये खुर्चीच्या चाकांना पट्टे आवळून होईपर्यंत ती त्याचा हात पुसत राहिली, बोटं, बोटांच्या मधल्या बेचक्या, नखांतला चिखल. तो वास आला. अजून होता टबात. तो तिच्या डोक्यावरून बाहेर कुठेतरी बघत होता. पुन्हा उभा राहील की नाही ते त्याच्या तोंडावरून काही कळत नव्हतं, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. हिबोने दार ओढायला हात घातला तेव्हा त्याने मान वळवली.

“मला वाटायचं,” तो म्हणाला, आणि थांबला, आणि पुन्हा सुरुवात केली. “मला वाटायचं... तू ऐकतच नाहीस.”

टॉवेल तिच्या हातात तसाच राहिला. “ऐकत होते,” आर्डिस म्हणाली.